सोसायटीत एकाच कंपनीचं नेट, आठवडाभर बंद तरी बिल पूर्ण. याच्यावर नियम नेमका कोणाचा चालतो?

घोडबंदरवाली

नमस्कार मंडळी, कोणाला या विषयातलं नीट माहीत असेल तर प्लीज सांगा कारण माझं डोकं आता चालेनासं झालंय. आम्ही घोडबंदर रोडला वाघबीळच्या आतल्या बाजूला राहतो, मोठी सोसायटी आहे. मी नववी-दहावीच्या मुलांचे गणिताचे क्लास घरून ऑनलाइन घेते, म्हणजे नेट गेलं की माझं कामच बंद. मागच्या वर्षी कमिटीने एका मोठ्या फोन कंपनीशी करार केला, त्यांनी सगळ्या विंगमध्ये डक्टमधून फायबर टाकलं, आणि मग महिन्याभरात गच्चीवरून आलेल्या जुन्या केबलवाल्याच्या सगळ्या वायरी काढून टाकल्या. आता घरात नेट हवं असेल तर तीच कंपनी, दुसऱ्या कोणाला गेटवरून आत सोडत नाहीत.

जुलैत एका रात्री जोराचा पाऊस झाला आणि नेट गेलं ते आठवडाभर गेलं. त्या पांढऱ्या डब्यावर एलओएस लिहिलेला लाल दिवा नुसता लुकलुकत होता. कस्टमर केअरला फोन केला की चोवीस ते अठ्ठेचाळीस तास, आणि ते तास संपले की मेसेज यायचा की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, दिवा मात्र लालच. परत नवीन तक्रार, परत नवीन नंबर. मोबाईलच्या डेटावर क्लास घेतले, पण बीजगणिताची पायरी लिहिली की पोरांच्या स्क्रीनवर ती अर्ध्या मिनिटाने उमटायची, आणि दहावीची मुलं आहेत हो, त्यांचं वर्ष आहे. शेवटी एक मुलगा येऊन खालच्या बॉक्समध्ये काहीतरी करून गेला आणि सुरू झालं. आणि आता बिल आलंय पूर्ण महिन्याचं! विचारलं तर म्हणतात आमच्या सिस्टीमला डाउनटाइम दिसत नाही मॅडम, प्रत्येक तक्रार वेळेत क्लोज झाली आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड फिरतंय की चोवीस तास नेट बंद असेल तर एक दिवसाचे पैसे आपोआप परत मिळतात, नवीन नियम आलाय. खरं आहे का ते? तक्रार थेट ट्रायकडे, म्हणजे फोन-इंटरनेट कंपन्यांच्या सरकारी नियामकाकडे, करू का? आणि मुळात कमिटीला असा एकाच कंपनीचा करार करता येतो का? पैसे फार नाहीत, पण चीड आलीय.

कोपरखैरणेकर

ताई खरं सांगू का, नियमबियम कागदावर असतात, त्यांच्या मागे लागण्यात महिने जातात. आमच्याकडे पण असंच व्हायचं, मी सरळ ५जी वालं एअरफायबर घेतलं, खिडकीबाहेर एक डबा लागतो, त्याला सोसायटीच्या डक्टची गरज नाही, वायर नाही, कमिटी नाही. तुमचा क्लास आहे तर दोन कनेक्शन हवीतच, एक गेलं की दुसरं. कंपन्यांना फक्त एकच भाषा कळते ती म्हणजे गिऱ्हाईक गेलं. ट्राय वगैरे काही करत नाही, आपण उगाच आशा लावून बसतो.

नौपाड्याची वकील

घोडबंदरवाली ताई, मी ग्राहक आयोगात केसेस चालवते, ठाण्यातच. थोडं सविस्तर लिहिते कारण यात लोकांचा फार गोंधळ होतो आणि तो गोंधळ कंपन्यांच्या फायद्याचा असतो.

आधी ते फॉरवर्ड. नियम खरा आहे पण तुमच्यासाठी तो नाही. ट्रायने ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवीन रेग्युलेशन काढले, १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले, मोबाईल, लँडलाइन आणि ब्रॉडबँड सगळ्यांसाठी एकत्र. त्यातला चोवीस तासांचा जो भाग आहे तो अख्ख्या जिल्ह्यात नेटवर्क बसलं तर, म्हणजे समजा ठाणे जिल्ह्यात एखाद्या कंपनीचं नेटवर्क चोवीस तासांपेक्षा जास्त बंद राहिलं तर त्या जिल्ह्यातल्या गिऱ्हाइकांना भाड्यात सूट द्यायची. त्यात एका दिवसात बारा तासांपेक्षा जास्त बंद असेल तर तो पूर्ण दिवस धरायचा असंही आहे. तुमच्या एका विंगचा फॉल्ट हा त्यात येत नाही. पण त्याच रेग्युलेशनमध्ये घरच्या वायरच्या लाइनसाठी वेगळी तरतूद आहे: फॉल्ट तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर कंपनीने गिऱ्हाइकाला भरपाई द्यायची, पोस्टपेड असो की प्रीपेड. तुमचा आठवडा गेलाय, म्हणजे तुम्ही सरळ यात बसता. आणि इथेच तक्रार क्लोज करायची गंमत नाही तर लबाडी आहे, कारण तक्रार दोन दिवसांत क्लोज दाखवली की तीन दिवस कधी भरतच नाहीत! प्रत्येक वेळी घड्याळ परत शून्यावर. म्हणून नवीन तक्रार करायचीच नाही, जुनीच तक्रार चालू आहे, सुटलेली नाही, असं त्याच डॉकेट नंबरवर, म्हणजे तक्रारीच्या नंबरवर, लेखी कळवायचं, ईमेलने किंवा त्यांच्या अ‍ॅपमध्ये, आणि त्या लाल दिव्याचा व्हिडिओ जोडायचा. टेक्निशियन येऊन काम न होताच ओटीपी मागत असेल तर देऊ नका, बऱ्याच कंपन्यांत तो ओटीपी दिला की तक्रार मिटली असं धरतात.

आता ट्राय. ट्राय १९९७ च्या कायद्याने झाली, आणि ती एकेका माणसाची तक्रार ऐकत नाही, हे तिच्या रचनेतच आहे. २००० साली कायदा बदलला आणि वादांसाठी टीडीसॅट नावाचं न्यायाधिकरण वेगळं काढलं, पण तिथेही एकट्या ग्राहकाची तक्रार जात नाही, ती ग्राहक आयोगाकडेच जाते. म्हणजे ट्रायला पत्र लिहिलंत तर ते कंपनीकडे फॉरवर्ड होईल, निकाल मिळणार नाही. लोक तिथे लिहितात, वाट बघतात आणि मग कोपरखैरणेकर म्हणतात तसं म्हणतात की ट्राय काही करत नाही. दार चुकलेलं असतं.

बरोबर दार असं: २०१२ च्या तक्रार निवारण रेग्युलेशनप्रमाणे कंपनीत दोन पायऱ्या असतात. पहिली कस्टमर केअर, तिथला डॉकेट नंबर जपून ठेवा. दुसरी अपील प्राधिकारी, ही कंपनीतच असते पण कस्टमर केअरपेक्षा वेगळी, आणि त्यात एक सल्लागार समिती असते, तिच्यात ट्रायकडे नोंदलेल्या ग्राहक संघटनेचा एक माणूस बसतो. अपीलला एक रुपया लागत नाही, तीस दिवसांत करायचं आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा. अपील प्राधिकाऱ्याचा पत्ता, ईमेल ट्रायच्या टीसीसीएमएस नावाच्या वेबसाइटवर कंपनीप्रमाणे मिळतो, कस्टमर केअरवाले तो सहसा आपणहून सांगत नाहीत. माझा अनुभव असा की अपील गेलं की निम्म्याहून जास्त लोकांचे पैसे पुढच्या बिलात वळते होतात, कारण तिथे कोणालातरी कागद वाचून सहीने उत्तर द्यावं लागतं.

तिथेही नाही झालं तर ग्राहक आयोग. कंपन्यांचे वकील पूर्वी एकच पालुपद लावायचे की टेलिफोनचा वाद ग्राहक मंचात चालत नाही, जुन्या टेलिग्राफ कायद्याप्रमाणे लवादाकडे जा, आणि २००९ च्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालामुळे ते चालूनही जायचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने व्होडाफोन आयडियाच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की ग्राहक आयोगाला अधिकार आहे. तो जुना १८८५ चा टेलिग्राफ कायदाच आता २०२३ च्या दूरसंचार कायद्याने मागे पडलाय. पाच लाखांपर्यंतच्या सेवेसाठी फी नाही, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस करता येते, कंपनीचं ऑफिस गुरगावला असो की आणखी कुठे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, ते कंपनीशी बोलतात, ते बंधनकारक नाही पण छोट्या रकमेचं काम तिथेच होऊन जातं.

कमिटीच्या कराराबद्दल नंतर लिहिते, आता कोर्टात जायचंय.

निवृत्त लाइनमन

मी टेलिफोन खात्यात होतो, ठाण्यात बरीच वर्षं लाइनवर काम केलं. वकील मॅडमनी कायद्याचं सांगितलं, मी तुम्हाला दिव्याचं सांगतो.

एलओएस लाल म्हणजे तुमच्या डब्यापर्यंत प्रकाशच येत नाही. राउटर बंद-चालू करून काही होत नाही, कस्टमर केअरवाले तुम्हाला ते दहा वेळा करायला लावतील. एक्स्चेंजकडून एक फायबर बिल्डिंगपर्यंत येते, तिथे स्प्लिटर असतो, एका फायबरचे आठ किंवा जास्त भाग होतात आणि एकेक भाग एकेका घरात जातो. स्प्लिटरचा बॉक्स बहुतेक ठिकाणी मीटर रूममध्ये नाहीतर स्टिल्टमध्ये भिंतीला ठोकलेला असतो, झाकण नीट बंद नसतं, पावसाचं पाणी शिरतं, उंदीर असतात, दुसऱ्या कोणाचं कनेक्शन देताना पोरं घाईत तुमची वायर वाकवून कोंबतात. फायबर तांब्यासारखी नाही, जास्त वाकली की प्रकाश गळतो. त्यामुळे पुढच्या वेळी माणूस आला की त्याला म्हणायचं पॉवर मीटर लावून रीडिंग दाखव. डीबीएम हे प्रकाशाची ताकद मोजायचं माप, मायनस अठरा ते मायनस पंचवीस डीबीएमच्या मध्ये असेल तर ठीक, मायनस सत्तावीसच्या खाली गेलं की डबा पकडतच नाही किंवा धरसोड करतो. त्या आकड्याचा फोटो काढून ठेवायचा, तारीख-वेळेसकट. "सिस्टीममध्ये दिसत नाही" याला हेच उत्तर आहे. खरं तर त्यांच्या सिस्टीमला प्रत्येक डबा कधी बंद झाला, कधी चालू झाला हे दिसतं, मशीन नोंद ठेवतं. अपीलमध्ये ती नोंद मागा.

आता दुसरी गोष्ट, जी मला मनापासून सांगायची आहे. एकाच कंपनीची वायर हा प्रश्न आजचा नाही. ठाणे, नवी मुंबई एमटीएनएल या सरकारी फोन कंपनीच्या हद्दीत होतं, घराघरात तांब्याची जोडी गेलेली होती. २००४ साली सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं, तेव्हा ब्रॉडबँड म्हणजे २५६ केबीपीएस, आज कोणाला खरं वाटणार नाही. त्या वेळी ट्रायने शिफारस केली होती की सरकारी कंपन्यांच्या तांब्याच्या जोड्या दुसऱ्या कंपन्यांनाही भाड्याने वापरू द्या, म्हणजे वायर एक आणि तीवरून सेवा कोणाचीही. सरकारने ते मानलं नाही. आम्हाला खात्यात असताना ते बरंच वाटलं होतं, आपली वायर दुसऱ्याला का द्यायची. पण परिणाम काय झाला, ज्याला धंदा करायचा त्याने आपापली वायर टाकली, रस्ते खणले, गच्च्यांवर जाळी झाली, आणि ज्याला वायर टाकणं परवडलं नाही तो संपला. आता मोठ्या दोन-तीन फोन कंपन्या उरल्या आणि त्या सोसायटीच्या दारातच कुलूप घालायला लागल्या. वायर कोणाची आणि सेवा कोणाची हे वेगळं ठेवायला हवं होतं, तेव्हाही आणि आताही.

घोडबंदरला मेट्रोच्या कामाने फायबर तुटते ते वेगळंच. खणायच्या आधी कळवायचं म्हणून २०२३ मध्ये सरकारने एक अ‍ॅप काढलंय, कॉल बिफोर यू डिग, पण जेसीबीवाल्याने ते उघडलं पाहिजे ना.

सानपाडा सेक्रेटरी

मी एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे, नाव सानपाडा आहे त्यावरून कळलंच असेल. कमिटीच्या बाजूनेही कोणीतरी बोललं पाहिजे म्हणून लिहितो, कारण लगेच लोकांना वाटतं की कमिटीने पैसे खाल्ले.

आमच्या गच्चीवर एके काळी इतक्या वायरी होत्या की पाण्याच्या टाकीपर्यंत जायला त्या उचलून धराव्या लागायच्या. केबलवाले लिफ्टच्या रूममधून वायर न्यायचे, भिंतीला कुठेही ड्रिल मारायचे, त्यातून पाणी झिरपून वरच्या मजल्याच्या बेडरूममध्ये ओल यायची आणि तो माणूस कमिटीला शिव्या द्यायचा. कोणाला विचारलं तर ही वायर माझी नाही. मग एक मोठी कंपनी येऊन म्हणते की आम्ही सगळ्या घरांना डक्टमधून नीट फायबर टाकतो, फुकट, वर सोसायटीला वर्षाला काही रक्कम देतो, कॉमन एरियाला वायफाय देतो, तर कोणत्या कमिटीला नको वाटेल. मेंटेनन्स वाढवला की लोक भांडायला येतात, त्यात ही रक्कम कामाला येते.

पण करारात एक कलम असतं, बहुतेक इंग्रजीत आणि बारीक अक्षरात, की कराराच्या मुदतीत इतर कोणत्याही सेवा पुरवठादाराला परवानगी देणार नाही. आम्ही त्या कलमावर अडून बसलो. कंपनीचा माणूस म्हणाला मग रक्कम कमी होईल, आम्ही म्हटलं होऊ दे. शेवटी कलम काढलं. माझं म्हणणं एवढंच की वायरीला शिस्त लावणं वेगळं आणि माणसाला दुसरी कंपनी घेऊच न देणं वेगळं. पहिलं कमिटीचं कामच आहे. दुसरा निर्णय सभासदांना न विचारता घेणं चूक आहे, घरात नेट कोणाचं घ्यायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आणि कोपरखैरणेकर, तुमचा तो खिडकीबाहेरचा डबा. दर्शनी भिंतीवर कोणीही काहीही लावायचं ठरवलं तर त्यालाही कमिटीची परवानगी लागते बरं का, म्हणजे कमिटी टळत नाहीच.

एडिसन ते ऐरोली

न्यू जर्सीत बरीच वर्षं काढून आता ऐरोलीला परत आलोय, याच क्षेत्रात काम करतो. लाइनमन काकांनी जे लिहिलंय ना, वायर एकाची आणि सेवा अनेकांची, ती कहाणी अमेरिकेत आधी होऊन गेलीय आणि ती आपल्याकडच्या लोकांनी वाचली पाहिजे असं मला फार वाटतं.

तिकडे १९९६ च्या दूरसंचार कायद्याने जुन्या टेलिफोन कंपन्यांना सांगितलं की तुमच्या तांब्याच्या लाइन प्रतिस्पर्ध्यांनाही भाड्याने द्या. त्यामुळे सुरुवातीला एकाच फोनच्या वायरवर वेगवेगळ्या छोट्या कंपन्या डीएसएल, म्हणजे फोनच्या तारेवरून नेट, देत होत्या. टेलिफोन कंपन्यांची तक्रार अशी की आम्ही पैसे घालून नवीन फायबर टाकायची आणि ती दुसऱ्याला द्यायची तर आम्ही का टाकू. हा मुद्दा अगदीच खोटा नव्हता, हे मान्य करायला हवं. २००३ मध्ये एफसीसीने, म्हणजे तिकडच्या ट्रायने, लाइन वाटून घ्यायची सक्ती काढायला सुरुवात केली, आणि २००५ मध्ये टेलिफोन कंपन्यांचं ब्रॉडबँड टेलिफोनसारख्या कडक नियमांतून बाहेरच काढलं, केबल कंपन्यांच्या ब्रॉडबँडला जसं मोकळं ठेवलं होतं तसंच यांनाही. छोट्या कंपन्या बघता बघता गेल्या. बऱ्याच गावांत एक केबल कंपनी आणि एक फोन कंपनी, संपलं. मग २०१५ ला परत कडक नियम आणले, २०१७ ला सरकार बदलल्यावर काढले, २०२४ ला परत आणायला गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने ते रद्द केले, म्हणे कायद्यात एफसीसीला तो अधिकारच नाही. वीस वर्षं हेच चाललंय. गिऱ्हाइकाने कशाच्या भरवशावर राहायचं?

पण एक गोष्ट तिकडे पक्की झाली आणि ती तुमच्या सोसायटीच्या प्रश्नाला थेट लागू आहे. राहत्या इमारतींशी एकाच कंपनीने करार करून बाकीच्यांना बंदी घालायची, हे केबल कंपन्यांना २००७ मध्ये आणि टेलिफोन कंपन्यांना २००८ मध्ये एफसीसीने मनाई केलं. मग कंपन्यांनी पळवाट काढली की बंदी नाही, पण घरमालकाला प्रत्येक कनेक्शनमागे वाटा द्यायचा, आणि तो वाटा फक्त आपणच द्यायचा, म्हणजे मालक दुसऱ्याला आत घेईलच कशाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये असे वाटेही बंद केले. सेक्रेटरी साहेब, तुम्ही जी वर्षाची रक्कम म्हणताय ना, ती हीच.

आपल्याकडे ट्रायने जानेवारी २०१७ मध्ये इमारतींच्या आतल्या केबलबद्दल शिफारशी दिल्या होत्या, सूर हाच होता की एकालाच मक्ता नको, आतली व्यवस्था सगळ्यांनी वाटून वापरावी. पण शिफारस ती शिफारस.

कोपरखैरणेकर

तेच तर मी म्हणतोय! शिफारस करून ठेवायची आणि घरी जायचं. मग नियामक हवा कशाला?

नौपाड्याची वकील

परत आले. कोपरखैरणेकर, तुमचा राग बरोबर आहे पण पूर्ण चित्र तसं नाही. ट्रायचे दोन हात आहेत. सेवेचा दर्जा, दर, कंपन्यांची आपसातली जोडणी यावर ती स्वतः बंधनकारक नियम काढू शकते आणि दंडही करते. परवाने कोणत्या अटींवर द्यायचे यावर ती फक्त शिफारस करते, निर्णय दूरसंचार विभागाचा. इमारतीतला मक्ता दुसऱ्या भागात अडकला. पहिल्या भागात तिने काय करून दाखवलंय ते आठवा. २०१५ मध्ये काही वेबसाइट फुकट आणि बाकीच्यांना पैसे असं करायचं घाटत होतं, दहा लाखांवर ईमेल लोकांनी ट्रायला पाठवले, मी स्वतः पाठवलाय, आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने नियमच काढला की कोणत्या वेबसाइटला जाता यावरून डेटाचा वेगळा दर लावता येणार नाही, मोडला तर दिवसाला पन्नास हजार, जास्तीत जास्त पन्नास लाख दंड. फेसबुकचं फ्री बेसिक्स त्याने भारतात बंद झालं. एवढ्या मोठ्या कंपनीला माघार घ्यावी लागली ती लोकांनी लिहिलं म्हणून. २०१६ मध्येच घरच्या ब्रॉडबँडची डेटा लिमिट संपल्यावर स्पीड ५१२ केबीपीएसच्या खाली आणायचा नाही हेही ट्रायनेच सांगितलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये सरकारने ब्रॉडबँडची व्याख्याच किमान २ एमबीपीएस केली. कमी आहे, मान्य. पण नियम होतात आणि ते बदलतातही. मसुदा आला की ट्राय लोकांची मतं मागवते, कंपन्या शंभर पानी उत्तर पाठवतात आणि आपण पाठवत नाही. मला याचंच जास्त वाईट वाटतं.

आता ताईंचा कमिटीचा प्रश्न. करार बघायला मागा. सभासद म्हणून सर्वसाधारण सभेचं आणि कमिटीच्या मिटिंगचं इतिवृत्त बघायचा, प्रत मागायचा हक्क सहकार कायद्यात आहे, त्यात हा ठराव कधी झाला, कोणत्या सभेत झाला, किती वर्षांसाठी झाला हे येईल. फक्त कमिटीतच झाला असेल तर सर्वसाधारण सभेत विषय आणायला सांगा. तुमची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी, म्हणजे वेळ आहे. कमिटीने दादच दिली नाही तर उपनिबंधकांकडे जाता येतं, पण तिथे जायच्या आधी सभेत बोला, शेजारी गोळा करा, एकटीने भांडू नका. तुमच्या विंगमध्ये ज्यांचं ज्यांचं नेट गेलं त्यांनी प्रत्येकाने वेगळं अपील करायचं, एकत्र सहीचं पत्र कंपनी बाजूला ठेवते, दहा वेगळी अपील ठेवता येत नाहीत.

घोडबंदरवाली

खूप खूप आभार सगळ्यांचे, खरंच. इतकं नीट कोणीच सांगितलं नव्हतं, मी तर ट्रायला ईमेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला होता. विंगच्या ग्रुपवर विचारलं तर निघालं की सहाव्या मजल्यापासून वरच्या सगळ्यांचं तेव्हा बंद होतं, म्हणजे लाइनमन काका म्हणतात तसा तो स्प्लिटरचाच प्रॉब्लेम असणार. खाली जाऊन बॉक्स बघून आले, मीटर रूमच्या बाहेर उघड्यावर आहे, झाकणाला दोरी बांधलीय, आत पिवळ्या वायरींची गुंडाळी नुसती कोंबलेली आणि खाली पाण्याचे डाग. फोटो काढलेत. पाच घरं अपील करायला तयार झालीत, बाकीचे म्हणतात जाऊ दे, दीडदोनशे रुपयांचा प्रश्न आहे.

दोन गोष्टी विचारायच्यात. आमच्याकडे जुना डॉकेट नंबर मेसेजमध्ये आहे पण नंतरचे तीन-चार वेगळे आहेत, अपीलमध्ये कोणता लिहायचा? आणि सेक्रेटरी काका, तुम्ही ते कलम काढल्यावर दुसऱ्या कंपन्यांची वायर कुठून आणू देता? आमचे सेक्रेटरी म्हणतात परत गच्चीवर जंगल होईल.

सानपाडा सेक्रेटरी

नाही होत जंगल. आम्ही ठराव असा केला की गच्चीवरून कोणाचीही वायर येणार नाही, येईल ती जमिनीखालून गेटपासून मीटर रूमपर्यंत आणि तिथून डक्टमध्येच. मीटर रूमबाहेर एक पत्र्याचं कपाट केलं, कुलूप सोसायटीचं, प्रत्येक कंपनीला त्यात एक कप्पा आणि वायरीवर कंपनीच्या नावाचा टॅग लावायचा, टॅग नसेल तर वायर काढून टाकणार. कोणी काम करायला आला की वॉचमनकडे चावीच्या वहीत सही. डक्टमध्ये एक जाड पाइप सोसायटीने स्वतःच्या खर्चाने टाकला, रिकामा, पुढे जो येईल त्याने त्यातून न्यायची. खर्च आला पण एकदाच. तीन कंपन्या आहेत आज आणि कपाट उघडलं की कोणाची वायर कोणती हे वॉचमनसुद्धा सांगतो. मसुदा पाहिजे असेल तर मेसेज करा, मराठीत आहे, तुमच्या सेक्रेटरींना तसाच देता येईल.

नौपाड्याची वकील

डॉकेट सगळे लिहा, तारखेप्रमाणे, आणि पहिला जो आहे तो "मूळ तक्रार" म्हणून, पुढे प्रत्येकासमोर "सेवा सुरू न होता बंद दाखवली" असं. नेट ज्या दिवशी खरोखर सुरू झालं ती तारीख वेगळ्या ओळीत. सोबत त्या बॉक्सचे फोटो आणि पूर्ण आकारलेलं बिल. मागणी दोनच ठेवा: बंद काळाच्या भाड्याची सूट आणि बॉक्स नीट बंद करून देणं, म्हणजे पुढच्या पावसात परत तेच नको. आणि तीस दिवसांची मुदत सगळ्यांची एकाच दिवशी संपत नाही, ज्याने आधी तक्रार केली त्याची आधी संपते, त्यामुळे त्या पाच घरांपैकी सर्वात जुनी तक्रार कोणाची आहे ते आजच बघा आणि त्यांचं अपील आधी पाठवा.